वाचनालयात मरणाविषयी बोलावं का? मुंबईतल्या वाचकांची मतं हवी आहेत

खिडकीजवळची_खुर्ची (धागाकर्ती)

आमच्या उपनगरातल्या वाचनालयाचं पुढच्या वर्षाचं कार्यक्रमपत्रक ठरतंय. मराठी भाषा गौरव दिन, वाचन प्रेरणा दिन, दिवाळी अंकांची योजना, मे महिन्यातलं मुलांचं शिबिर हे दरवर्षीचं आहेच. यंदा मी कार्यकारिणीपुढे आणखी एक गोष्ट ठेवली. महिन्यातून एका संध्याकाळी, वाचनालयाच्या सभागृहात, मरणाविषयी मोकळेपणी बोलायची बैठक. व्याख्यान नाही, प्रवचन नाही. खुर्च्या गोल मांडायच्या, चहा ठेवायचा आणि ज्याला जे बोलायचंय ते बोलू द्यायचं.

प्रस्ताव फेटाळला गेला नाही, पण पुढेही सरकला नाही. "सभासद बिथरतील", "वास्तू तथास्तु म्हणत असते, कशाला अभद्र बोलायचं", "असले विषय हॉस्पिटलवाल्यांनी घ्यावेत" असं बोलणं झालं. हे आक्षेप मला क्षुल्लक वाटत नाहीत. म्हणूनच इथे विचारतेय.

आमच्या वाचनकक्षात सकाळी येणारे बहुतेक जण साठीच्या पुढचे. वर्तमानपत्र उघडलं की निधनवार्तांवर नजर जातेच. "अरे, हे गेले? काय झालं होतं?" "झोपेतच गेले म्हणे. सुटले." एवढ्यावर विषय संपतो. स्वतःला शेवट कसा हवाय, घरी की हॉस्पिटलात, नळ्या किती लावून घ्यायच्या, शुद्ध हरपली तर निर्णय कुणी घ्यायचा, हे कुणी कुणाला सांगत नाही. घरी विषय काढला तर मुलं म्हणतात, "बाबा, काहीतरीच काय बोलता!" मुलांनी काढला तर आईवडिलांना वाटतं, यांना आता आमची अडचण व्हायला लागली. आणि दोन खोल्यांच्या जागेत, टीव्ही चालू असताना, सुनेच्या आणि नातवंडांच्या देखत असलं काही बोलायला कोपरा तरी कुठे असतो?

हॉस्पिटलात हा विषय निघतो तेव्हा हातात संमतीपत्र असतं आणि डॉक्टर दारात उभे असतात. कीर्तनात निघतो तेव्हा उत्तर आधीच ठरलेलं असतं. विमा एजंटाला पॉलिसी विकायची असते. वाचनालयात कुणाला काही विकायचं नसतं, कुणाला काही पटवायचं नसतं. वर्गणी भरलेला माणूस तिथे हक्काने बसतो आणि शेजारी कोण बसलंय याची चौकशी करत नाही. या बोलण्याला अशीच जागा हवी, असं माझं ठाम मत आहे.

परदेशात हे नवीन नाही. स्वित्झर्लंडमधले समाजशास्त्रज्ञ बर्नार क्रेताझ यांनी २००४ मध्ये 'कॅफे मॉर्तेल' नावाने अशा बैठका सुरू केल्या. त्यावरून सुचून लंडनच्या जॉन अंडरवुड यांनी २०११ मध्ये आपल्या घरी पहिला 'डेथ कॅफे' भरवला. त्यांची आई मानसोपचारतज्ज्ञ, तिने ती बैठक चालवली. नियम साधे: खायला-प्यायला काहीतरी हवं, कुणाला कुठल्या निष्कर्षाकडे ढकलायचं नाही, विक्री नाही, आणि हा दुःखावरचा उपचार आहे असा दावा नाही. अंडरवुड २०१७ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी अचानक वारले, पण बैठका चालू राहिल्या. इंग्लंड-अमेरिकेत कित्येक सार्वजनिक ग्रंथालयं त्या भरवतात.

आपल्याकडे हे कसं करता येईल? काय टाळावं? मुंबईतल्या कुणा वाचनालयात असं काही होत असेल तर तेही सांगा.

---

तळमजला_उजवीकडे

वाचतोय. विषय काढल्याबद्दल मनापासून आभार. सवडीने लिहितो.

---

नाना_गिरगावकर

माझं वय अठ्ठ्याहत्तर. मला हा प्रस्ताव आवडलेला नाही, आणि का नाही ते स्पष्ट सांगतो.

पत्नी गेल्यापासून वाचनालय हीच माझी बाहेर पडायची जागा आहे. घरी औषधांचा डबा, भिंतीवर तिचा फोटो, फोनवर मुलगी, "बाबा, बीपी तपासलं का?" दिवसभर मरण आजूबाजूला असतंच. वाचनालयाच्या पायऱ्या चढतो ते दोन तास ते मागे टाकायला. तिथेही तुम्ही फलक लावणार, 'या, मृत्यूवर बोलू या'? म्हाताऱ्या माणसाला मरणाची आठवण करून द्यावी लागत नाही.

बोलायचं त्यांनी जरूर बोलावं. पण आमच्या वाचनकक्षात नको.

---

खिडकीजवळची_खुर्ची

नाना, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल आभारी आहे. कार्यकारिणीत इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं.

वाचनकक्षात काही करायचं नाही, हे पक्कं धरते. बैठक वरच्या सभागृहात, वाचनकक्ष बंद झाल्यावर. सूचना दारातल्या मोठ्या फलकावर नाही, देवघेव काउंटरवर एक छोटा कागद. सभासदांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही टाकायची नाही, कारण तिथे ती सगळ्यांवर येऊन आदळते. ज्याला हवं त्याला सापडेल, ज्याला नको त्याला दिसणार नाही. असं चालेल का?

---

नाना_गिरगावकर

असं असेल तर माझी हरकत नाही. मी येणार नाही.

---

रात्रपाळी

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे, बरीच वर्षं. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. जे सांगतेय ते सगळीकडे सारखंच आहे.

पहाटे तीन-साडेतीनला डॉक्टर बाहेर येतात आणि नातेवाइकांना विचारतात, "श्वास कमी पडतोय. व्हेंटिलेटर लावायचा का?" बाहेर बाकड्यावर थोरला मुलगा, त्याची बायको, एक मेहुणा. धाकटा न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर. आजोबांना काय हवं होतं, हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नसतं. अशा वेळी कुणीही "सगळं करा" असंच म्हणतं. "नको" म्हणायची हिंमत कोण करणार? जो म्हणेल त्याने बापाला मारलं, असं तेराव्याला कानावर येईल. आणि लांबचा मुलगा जास्त जोर लावतो, कारण त्याला जवळ नसल्याची टोचणी असते. मी त्यालाही दोष देत नाही.

मग 'सगळं करा' म्हणजे काय, ते आम्हाला करावं लागतं. घशात नळी जाते, ती ओढू नये म्हणून हात बांधावे लागतात. हृदय थांबलं तर छातीवर दाब देतात, त्यात म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या मोडतात. ज्याचं शरीर यातून सावरू शकतं त्याच्यासाठी हे जीवदान आहे. तो माणूस आठवड्याने चालत घरी जातो आणि आम्ही सगळे त्याला निरोप द्यायला दारात येतो. पण ज्याचा आजार शेवटाला पोहोचलाय त्याला यातून काय मिळतं, हा प्रश्न बाहेर कधीच विचारून झालेला नसतो.

पैसे संपले, धीर संपला, की घरचे 'डामा' घेतात. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. पेशंट धापा टाकत अँब्युलन्समधून घरी जातो, वेदनेचं औषध नाही, ऑक्सिजनची सोय नाही. घरी जायची इच्छा चुकीची नसते. त्यासाठी आधी तयारी केलेली नसते, एवढंच.

म्हणून मला वाचनालयाची कल्पना पटते. व्हेंटिलेटर म्हणजे काय, डायलिसिस म्हणजे काय, नाकातून नळीने अन्न देणं म्हणजे काय, पॅलिएटिव्ह केअर म्हणजे उपचार सोडून देणं नव्हे तर त्रास कमी करणारे उपचार, हे माणूस धडधाकट असताना, चहा पिताना ऐकेल तर ते त्याच्या डोक्यात राहील. आमच्या दारात ते ऐकू येत नाही. मी स्वतः पाहिलंय, डॉक्टर दहा मिनिटं समजावतात आणि ते आत गेल्यावर नातेवाईक मला विचारतात, "सिस्टर, नक्की काय म्हणाले?"

सुट्टी जुळली तर मी यायला तयार आहे. फक्त मला व्यासपीठ आणि शाल-श्रीफळ नको. गोलात बसवा.

---

चाफ्याचा_पार

+१ रात्रपाळी ताई. तुमचा प्रतिसाद वाचून नवऱ्याला फोन करून बोलावलं आणि वाचायला दिला.

---

दाखल_नोंदवही

निवृत्त ग्रंथपाल. मुंबईतल्याच एका सार्वजनिक ग्रंथालयात नोकरी झाली. बैठकीइतकाच दुसऱ्या एका गोष्टीचा विचार करा: पुस्तकं.

मृत्यूविषयीची पुस्तकं ग्रंथालयात असतात, पण वाचकाला ती एकत्र कधीच दिसत नाहीत. ड्यूई दशांश पद्धतीत मृत्यूचं मानसशास्त्र १५५.९३७ ला जातं, अंत्यविधी आणि चालीरीती ३९३ ला, समाजशास्त्रीय अंगाने लिहिलेलं ३०६.९ ला, मरणासन्न रुग्णाची शुश्रूषा ६१६.०२९ ला. तत्त्वज्ञानातलं १२८ मध्ये. आत्मकथनं, कवितासंग्रह, संतवाङ्मय यांची कपाटं वेगळीच. म्हणजे वडील आजारी असलेल्या बाईला हवं ते पुस्तक चार कपाटांत विखुरलेलं, आणि काउंटरवर येऊन "मरणावरचं काही आहे का?" असं विचारायची तिची तयारी नसते. इतक्या वर्षांत मला असं थेट विचारणारे वाचक फार थोडे भेटले. पुस्तक उलटं धरून, मुखपृष्ठ खाली करून देणारे मात्र पुष्कळ.

तेव्हा पहिलं काम बिनखर्चाचं आहे. एक टेबल. त्यावर ही सगळी पुस्तकं महिनाभर एकत्र मांडायची. मथळा सौम्य ठेवा, 'शेवटच्या दिवसांविषयी' असा काहीतरी. शेजारी एक छापील यादी, घरी नेता येईल अशी, म्हणजे काउंटरवर काही विचारायची गरज पडणार नाही. देवघेवीवर बसणाऱ्या माणसाला एवढंच शिकवा की या टेबलावरचं पुस्तक नोंदवताना "अहो, घरी कुणी आजारी आहे का?" असं विचारू नकोस. विचारणाऱ्याच्या मनात माया असते, पण वाचक पुन्हा येत नाही.

दुसरं, घरपोच सेवा. अंथरुणाला खिळलेला सभासद आपोआप गळतो. वर्गणी थकली की रजिस्टरमधून नाव जातं आणि आपल्याला कळतही नाही की तो का येईनासा झाला. एखादा तरुण कार्यकर्ता आठवड्यातून एकदा पुस्तक घेऊन गेला, पाच मिनिटं बसला, वाचून दाखवलं, तर त्या घरात आपोआप बोलणं सुरू होतं. बैठकीला जे कधीच येऊ शकणार नाहीत त्यांच्यापर्यंत पोहोचायचा मला तरी हाच रस्ता दिसतो.

पैशाचंही सांगतो. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मिळणाऱ्या अनुदानात बहुतेक ग्रंथालयांचे पगार जेमतेम निघतात. आहेत त्याच माणसांवर नवा कार्यक्रम टाकू नका. स्वयंसेवक आधी शोधा, तारीख नंतर ठरवा.

---

कागदपत्र

वकील आहे. या विषयात कायद्याबद्दल फार गोंधळ असतो म्हणून थोडं विस्ताराने लिहितो.

आपल्या शहराचा याच्याशी जवळचा संबंध आहे. परळच्या केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि त्यानंतर त्या २०१५ पर्यंत त्याच रुग्णालयात जवळजवळ अचेतन अवस्थेत होत्या. त्यांचं जेवणखाण बंद करण्याची परवानगी मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ ला फेटाळली. केईएमच्या परिचारिकांनी त्यांना घरच्या माणसासारखं सांभाळलं होतं आणि त्यांचा या मागणीला विरोध होता. पण त्याच निकालात, काही अटींवर, कृत्रिम जीवरक्षक उपचार थांबवता येतील हे तत्त्व न्यायालयाने मान्य केलं.

पुढे ९ मार्च २०१८ ला, 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर, घटनापीठाने सन्मानाने मरण येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे शुद्ध हरपल्यावर कुठले उपचार हवेत-नकोत हे आधीच लिहून ठेवण्याच्या लिव्हिंग विलला, मान्यता दिली. पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, त्यामुळे ते कागदावरच राहिलं. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयाने हे सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे. अठरा वर्षांवरची, सुज्ञ असलेली कुणीही व्यक्ती ते करू शकते. आपल्या वतीने कुणी बोलावं त्यांची नावं त्यात लिहायची. एक प्रत फॅमिली डॉक्टरला, एक घरच्यांना, एक स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. असे अधिकारी नेमले जावेत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले होते, आणि महापालिकेने ते नेमले आहेत.

हे केलं म्हणजे डॉक्टर लगेच यंत्र बंद करतात असं अजिबात नाही. आधी रुग्णालयाचं प्राथमिक मंडळ तपासतं: उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. मग दुय्यम मंडळ, ज्यात एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. इंजेक्शन देऊन जीवन संपवणं भारतात कायदेशीर नाही. बैठकीत कुणी हे दोन्ही एकच समजत असेल तर तिथल्या तिथे शांतपणे फरक सांगा.

मालमत्तेचं मृत्युपत्र हा वेगळा कागद. साध्या कागदावर चालतं, नोंदणी ऐच्छिक, दोन साक्षीदार हवेत. ज्याला काही द्यायचंय त्यालाच साक्षीदार करू नका. आणि नॉमिनी म्हणजे मालक, हा समज डोक्यातून काढा. सोसायटीच्या फ्लॅटवरून सख्ख्या भावंडांत मी जी भांडणं पाहिली आहेत त्यांतली अर्धी याच समजातून निघालेली.

वाचनालयाने कोरे नमुने ठेवावेत, माहिती द्यावी. पण त्याच संध्याकाळी, त्याच खोलीत सह्या घेऊ नयेत. बोलणं आणि कागद यांच्यात काही दिवस जायला हवेत, आणि घरच्यांना कळायला हवं.

---

बीडीडीचा_पोरगा

मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलो. वरच्या चर्चेत एक गृहीत धरलंय, की मरण हा लपवलेला विषय आहे. चाळीत तो लपलेला नव्हता.

कुणी गेलं की खालीपर्यंत निरोप जायचा. पोरं बांबू आणि सुतळी आणायला पळायची. तिरडी कशी बांधायची हे प्रत्येक मजल्यावरच्या दोघातिघांना माहीत असायचं. मडकं कुणी धरायचं, बायकांना कोण सांभाळणार, त्या घरी पहिल्या दिवशी चहा आणि पिठलं-भात कुठून जाणार, हे ठरवायला सभा लागत नव्हती. आम्ही मुलं दारातून सगळं बघायचो, कुणी हाकलत नसे. बौद्ध घरात वंदना होत असे, शेजारच्या घरात भजन, आणि खांदा देताना कुणी जात विचारली नाही.

आता लोक टॉवरमध्ये जातायत. बाविसाव्या मजल्यावर कुणी गेलं तर शेजारच्या दाराला कळत नाही. सर्व्हिस लिफ्टने खाली, शववाहिनी, आणि गेटवर वॉचमन विचारतो, "कौन सा फ्लॅट?" कोविडमध्ये तर तेवढंही उरलं नाही. माझ्या मित्राने वडिलांना पिशवीत पाहिलं, तेही लांबून.

माझी विनंती आहे की वाचनालयाने फक्त फॉर्म आणि कायदा यांवर थांबू नये. चाळीतल्या ज्या म्हाताऱ्यांना हे सगळं येत होतं त्यांना बोलवा. रेकॉर्ड करा. कुठल्या समाजात काय करतात, कोण काय गातं, कोण धावून यायचं. चंदनवाडी आणि शिवाजी पार्कची स्मशानं, कब्रस्तान, पारशांची डुंगरवाडी, सगळं या एकाच शहरात आहे आणि एकमेकांच्या घरात अशा वेळी काय होतं ते आपल्याला ठाऊक नसतं. मित्राच्या अब्बूंच्या दफनाला गेलो तेव्हा कुठे उभं राहायचं, मूठभर माती कधी टाकायची, हे मला तिथेच बघून शिकावं लागलं. वाचनालयाच्या गोलात हे सगळे शेजारी बसले तर कितीतरी गोष्टी नुसत्या विचारूनच कळतील.

---

खिडकीजवळची_खुर्ची

@बीडीडीचा_पोरगा, हे माझ्या प्रस्तावात नव्हतं आणि आता ते त्यात असणार. आमच्या वाचनालयाच्या मागच्याच गल्लीत जुन्या बैठ्या चाळी आहेत, त्यांचं पुनर्विकासाचं चाललंय. ती माणसं पांगण्याआधी हे व्हायला हवं.

---

लेस्टरहून_सुषमा

मी राहते तिथल्या ग्रंथालयात अशा बैठकींना गेलेय. इथे मे महिन्यात 'डाइंग मॅटर्स' नावाचा जागृती सप्ताहही असतो. बघितलेलं सांगते.

पंधराएक लोक, तीन-चार टेबलं. प्रत्येक टेबलावर एक माणूस, ज्याचं काम फक्त एवढंच की एकच जण बोलत राहू नये आणि गप्प बसलेल्याला गप्प बसू द्यावं. टेबलावर प्रश्नांच्या चिठ्ठ्या. पहिल्यांदा मी एक शब्द बोलले नाही. माझे वडील ठाण्याला गेले तेव्हा मी विमानात होते. ते मी तिथे कित्येक महिन्यांनी बोलले, अनोळखी माणसांपुढे, इंग्रजीत. मराठीत बोलता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

इथल्या चिठ्ठ्यांचं भाषांतर करू नका. आपले प्रश्न वेगळे आहेत. काही सुचवते: 'तुमच्या घरात आजारपणाचे निर्णय कोण घेतं, आणि कोणी घ्यावेत?' 'तुम्ही गेल्यावर कुठला विधी करावा, कुठला करू नये?' 'परदेशातल्या मुलासाठी थांबायचं की नाही?' 'आईला तिचा आजार सांगितला होता का?' हा शेवटचा प्रश्न एकटाच एका संध्याकाळीला पुरेल.

---

अर्धी_रजा

शेवटच्या प्रश्नावर लिहितेय.

आईला कॅन्सर होता. मामाने ठरवलं, तिला सांगायचं नाही. तिला गाठ आहे, सुकेल, असं सांगितलं. आई शाळेत शिकवायची, फाईलवरचं नाव तिला वाचता येत होतं. ती आम्हाला काही विचारायची नाही, आम्ही तिला काही सांगायचो नाही, आणि एका खोलीत राहून आम्ही दोघी एकमेकींपासून तेच लपवत होतो.

तिच्यासाठी मी वाचनालयातून पुस्तकं आणायचे. एका कथेत म्हातारी बाई आपल्या साड्या वाटून टाकते असा प्रसंग आला. वाचता वाचता मी थांबले. आई म्हणाली, "वाच की. माझी हिरवी पैठणी तुला, आणि ती पिवळी सुलूला. आणि मला परत त्या मशीनमध्ये घालू नका." बस, एवढंच. पण त्यानंतर आम्ही मोकळ्या झालो. वेदनेसाठी मॉर्फिन मिळालं, पॅलिएटिव्ह केअरची टीम घरी यायला लागली. वांद्र्याच्या शांती आवेदना सदनाबद्दलही तेव्हाच कळलं. देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या रुग्णांना सांभाळणारी जागा, १९८६ पासून आपल्याच शहरात, आणि मला तिशी उलटेपर्यंत त्याचं नावही माहीत नव्हतं.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, काळजी घेणाऱ्यांना संध्याकाळी घर सोडता येत नाही. बैठक दुपारी ठेवली तर कामवाल्या मावशी किंवा शेजारीण तासभर बसते. आलटून पालटून ठेवा. दोन, घरी मृत्यू झाला तर पुढे काय, हे कुणीतरी साध्या मराठीत लिहून वाचनालयात ठेवा. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांना शेवटच्या दिवशी केवळ "घरी गेले तर सर्टिफिकेट कोण देणार?" या भीतीने हॉस्पिटलात हलवलं. नेहमीच्या डॉक्टरांशी आधी बोलून ठेवलं असतं तर ते स्वतःच्या पलंगावर गेले असते.

---

रात्रपाळी

अर्धी_रजा, दुसरा मुद्दा फार महत्त्वाचा. घरी नैसर्गिक मृत्यू झाला तर उपचार करणारे डॉक्टर येऊन तपासतात आणि कारणाचं प्रमाणपत्र देतात. तो नमुना ४-अ. हॉस्पिटलात नमुना ४. ते स्मशानात लागतं. मृत्यूची नोंदणी २१ दिवसांत व्हायला हवी. ज्या डॉक्टरांनी पेशंटला कधी पाहिलेलंच नाही ते सही करायला कचरतात, आणि त्यांचंही बरोबर आहे. म्हणून फॅमिली डॉक्टरांना अधूनमधून घरी बोलावत राहा, त्यांना सगळं माहीत असू द्या.

नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत. पंखा बंद, पापण्या मिटलेल्या, त्यावर ओला कापूस. प्रतिज्ञापत्र भरलेलं असलं तरी घरच्यांची संमती लागते, म्हणजे पुन्हा तेच, घरात आधी बोललेलं हवं.

---

चाफ्याचा_पार

बालविभागाचाही विचार करा. माझ्या मुलाला आम्ही "आजोबा देवबाप्पाकडे गेले" सांगितलं, तर तो महिनाभर देवघराजवळून जाईना. सहा वर्षांच्या मुलाला काय सांगायचं हे कुणी आम्हाला शिकवलेलं नाही. पालकांसाठी एक वेगळी बैठक हवीच.

---

मनमोकळी

मी समुपदेशक आहे. बैठकीला माझा पूर्ण पाठिंबा, पण काळजी घ्या.

ज्याच्या घरी नुकतंच कुणी गेलंय, विशेषतः ज्याचं मूल गेलंय किंवा घरात आत्महत्या झालीय, त्याला अशा खुल्या बैठकीत एकदम ढकलू नका. तो स्वतःहून आला तर बसू द्या, पण बाहेर पडताना कुणीतरी त्याच्याबरोबर जिन्यापर्यंत जावं. सुरुवातीलाच सांगा की इथलं इथेच राहील, आणि मुंबईत सगळे एकमेकांच्या ओळखीचे निघतात म्हणून हे दरवेळी सांगा. स्वतःला संपवण्याविषयी कुणी बोललं तर त्याला एकटं सोडू नका आणि टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांक हाताशी ठेवा. बैठक चालवणाऱ्याला हे सगळं आधी कळलेलं असावं.

आणि 'धीर धरा', 'देवाची इच्छा', 'काळ हेच औषध' ही वाक्यं यजमानाने बोलायची नाहीत. आलेल्यांपैकी कुणी स्वतःच्या श्रद्धेने बोललं तर ऐकायचं.

---

तळमजला_उजवीकडे

सवडीने लिहितो म्हटलं होतं. सगळं वाचून एकच मुद्दा उरतो. पहिली बैठक फसली असं वाटलं तरी बंद करू नका. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात इच्छापत्रावर बोलायला वकील आले होते, चार माणसं होती. पुढल्या महिन्यात त्या चौघांनी सांगितलं म्हणून खोली भरली. या विषयाला लोक आधी दुरून बघून जातात.

---

खिडकीजवळची_खुर्ची

सगळ्यांचे खूप आभार. कार्यकारिणीपुढे पुन्हा प्रस्ताव नेतेय, या चर्चेतून जे घेतलंय ते लिहून ठेवते म्हणजे कुणाला काही खटकलं तर वेळेत कळेल.

आधी टेबल आणि यादी, बैठक त्यानंतर. दाखल_नोंदवही सरांनी सांगितलेल्या क्रमांकांवरून पुस्तकं काढायला मी शनिवारपासून लागते. घरपोच सेवेसाठी तीन कॉलेजची मुलं तयार आहेत, त्यांना मनमोकळी यांनी एकदा भेटावं अशी विनंती. बैठका आलटून पालटून दुपारी आणि संध्याकाळी, वाचनकक्षाच्या वेळेबाहेर. कायद्याची माहिती एका पानावर, कागदपत्र यांनी तपासलेली, आणि त्या खोलीत सह्या नाहीत. घरी मृत्यू झाल्यास काय करायचं याचं दुसरं पान, रात्रपाळी ताईंकडून. चाळीतल्या मंडळींच्या आठवणी रेकॉर्ड करण्याचं काम स्वतंत्र, त्याला वेळ लागेल, पण पहिल्या दोन घरांशी बोलणं झालंय.

एक गोष्ट अजून ठरत नाहीये. फोनवरून किंवा व्हिडिओवरून सामील व्हायची सोय ठेवावी का? अंथरुणावरच्या माणसाला तोच रस्ता आहे, पण पडद्यापलीकडे कोण ऐकतंय हे कळत नाही, आणि मग इथलं इथे राहील असं कसं सांगणार? मनमोकळी, सुषमा, तुमचं काय मत?

---

मनमोकळी

सुरुवातीचे काही महिने नको. खोलीतल्या माणसांचा एकमेकांवर विश्वास बसू दे. अंथरुणावरच्यांसाठी ती तीन मुलं पुस्तक घेऊन जाणारच आहेत, तर त्यांच्या पिशवीत सुषमांच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्याही द्या. मुलांना मी पुढच्या रविवारी सकाळी भेटू शकते. वाचनालयाचा पत्ता निरोपात पाठवा.

---

दाखल_नोंदवही

यादी करताना कविता विसरू नका. त्या वर्गीकरणावरून सापडणार नाहीत, कपाटापुढे उभं राहून काढाव्या लागतील. मी येतो मदतीला.